दहाव्या दिवशी सगळ्या फ्लास्कांत डायटमची संख्या सारखीच का?

डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल. ते वेगवेगळ्या तापमानांना आणि लवणतांना वाढवण्याच्या तुमच्या प्रयोगात १५, २०, २५ आणि ३० अंशांना दहाव्या दिवशी पेशींची संख्या जवळपास सारखी आली आणि १० लवणतेचं (किलोभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम क्षार; समुद्राच्या पाण्यात ३५) कल्चर मेलं. त्यावरून ‘तापमानाचा परिणाम नाही, लवणतेचा आहे’ असं म्हणता येत नाही.

एफ/२ या शैवाल वाढवायच्या नेहमीच्या पोषक माध्यमात नायट्रेट ८८२ मायक्रोमोलर, सिलिकेट मात्र १०६. डायटमला दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लागतात, त्यामुळे सिलिकेट आधी संपतं आणि वाढ थांबते. गरम फ्लास्क लवकर थांबतो, थंड फ्लास्क उशिरा येऊन तिथंच थांबतो. म्हणजे तुम्ही मोजलंत ते सिलिकेट! १०,००० पेशी/मिलीपासून सुरुवात करून रोज ठरावीक वेळी मोजा आणि लॉगरिदमच्या आलेखावर फक्त सरळ चढणाऱ्या भागातला वाढदर काढा: दोन संख्यांच्या नैसर्गिक लॉगरिदममधला फरक भागिले दिवस. ०.६९ म्हणजे दिवसाला एकदा दुप्पट.

थर्मामीटर खोलीत टांगू नका, दिव्याखालीच पाण्याच्या फ्लास्कमध्ये ठेवा. वाढदर इष्टतम तापमानापर्यंत हळूहळू चढतो आणि पुढे दोन-चार अंशांतच कोसळतो, म्हणून वरच्या टोकाला ५ ऐवजी २ अंशांची पायरी घ्या. टोक जातीवर ठरतं: किटोसेरॉस म्युलेरी ३० अंशांना मजेत वाढतो, फिओडॅक्टिलम २५ च्या वर कुरकुरतो.

आता १० लवणता. ३५ मधून थेट १० मध्ये टाकल्यास पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात, बऱ्याच फुटतात. दर खेपेला ३ ते ५ ने उतरवा आणि प्रत्येक पायरीवर निदान दोनदा नव्या माध्यमात हलवा. पोषकद्रव्यं पाणी मिसळून झाल्यावरच घाला, नाहीतर तीही पातळ होतात.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते बफरचं, म्हणजे पीएच स्थिर धरणाऱ्या क्षारांचं. ऊर्ध्वपातित पाण्याने ३५ चं १० केलं की अल्कता (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता) सुमारे २.३ वरून ०.६६ मिलिमोल/लिटरवर येते. वाढ सुरू होताच पीएच ९ च्या वर जातो, कार्बन कमी पडतो आणि दोष लवणतेच्या माथी येतो. लिटरला सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला. ते ऑटोक्लेव्ह न करता (दाबाच्या वाफेत निर्जंतुक न करता) ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून.

३० अंशांच्या फ्लास्कांचं रोज वजन करा. कापसाच्या बोळ्यातून पाणी उडतं आणि लवणता नकळत चढते. घटलं तेवढं निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी भरा. आणि दोन्ही घटक एकत्रच तपासा, प्रत्येक जोडीचे तीन फ्लास्क. तापमानाच्या वरच्या टोकाला लवणतेची सहनशक्ती आक्रसते. एकेक घटक वेगळा बदलून ते दिसणार नाही.