लहान मुलांच्या घरात कोंबडी कोणती? आधी कोंबड्याचं ठरवा

प्रश्न : मुळशी तालुक्यात पौडजवळ आमचं घर आहे, मागे दीड गुंठा परस. मुलगी चार वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. घरच्या अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आहेत. मागच्या वर्षी शेजारचा कोंबडा धाकटीच्या अंगावर धावून आला, तेव्हापासून ती कोंबडी दिसली तरी आत पळते. मुलांना त्रास न देणारी, गरीब स्वभावाची जात कोणती?

उत्तर : ताई, कोंबड्यांचा विषय खरा पशुसंवर्धन खात्याचा. पण आम्ही भाताची रोपवाटिका बघायला बांधावर गेलो की निघताना हमखास कोंबडीचा प्रश्न येतो, त्यामुळे आता सवय झाली आहे.

धावून आला तो कोंबडा होता, हे तुम्हीच लिहिलंय. ‘कोंबडीनं पोराला मारलं’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं आणि जरा खोदून विचारलं, की बहुतेक वेळा एक तर कोंबडा निघतो, नाहीतर पिल्लांची आई. म्हणून जात सांगण्याआधी माझी एक अट आहे : घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर कोंबडा ठेवायचा नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागतोच, असं अजून कितीतरी घरांत मानतात. तसं काही नाही. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली की कोंबड्याविना अंडी देते. त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. चवीत फरक नाही.

पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत कोंबडाही गरीबच असतो. मुलांच्या मांडीवर बसतो, ओंजळीतले दाणे टिपतो. मग तुरा लाल होतो, आरवणं सुरू होतं आणि एक दिवस तो एक पंख खाली पाडून, आडवा चालत पायांभोवती गिरकी घेतो. घरच्यांना वाटतं नाचतोय. तो कोंबड्यांना रिझवताना असा नाचतो हे खरं, पण माणसासमोर हेच करायला लागला की पुढची पायरी उडी मारण्याची असते. त्याच्या पायामागचा काटा मोठ्या माणसाच्या पोटरीला लागतो. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तोच काटा डोळ्यांच्या उंचीवर येतो.

म्हणूनच एक दिवसाची पिल्लं आणू नका. त्यात साधारण निम्मे नर निघतात आणि तोवर मुलांनी त्यांची नावं ठेवलेली असतात. मग आषाढात गटारी जवळ आली की घरात जे रडणं होतं, ते मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलं आहे. आठ ते दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. या वयात नर-मादी तुऱ्यावरून आणि अंगलटीवरून ओळखू येतात, ऊब द्यायचा बल्बही लागत नाही. खडकीला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. पशुसंवर्धनाच्या योजनेतला तलंगांचा गट २५ माद्या आणि ३ नर असा असतो. तुम्हाला एवढ्या नकोत, तर वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि नर अशा घरी जाऊ द्या जिथे लहान मूल नाही.

आता जात. तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती वनराजा किंवा गिरिराजाच्या माद्यांना. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, गिरिराजा बंगळूरची. दोन्ही अंगानं भारी, चाल संथ, कुंपणावरून उडून जायचा उत्साह कमी. मुलांना आवडतील असे रंगीबेरंगी पंखही आहेत. परसात सोडून, थोडं खाद्य देऊन वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी धरा. ग्रामप्रिया अंड्यांना यांच्यापेक्षा बरीच सरस, पण अंगानं हलकी आणि थोडी बुजरी. धाकटी सहा-सात वर्षांची झाली की ती आणा. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प मिळाली तर डोळे झाकून घ्या : काळी, शांत, अंड्यालाही चांगली. आर.आय.आर.ची (ऱ्होड आयलंड रेड) मादी चालते, थोडी धीट असते, ताटातलं उचलायला पुढे येईल. तिचा नर मात्र तापट म्हणून ओळखला जातो.

असील नको. ती झुंजीची जात, माद्यासुद्धा आपसांत रक्त निघेपर्यंत भांडतात. असीलच्या संकरातून तयार केलेली निर्भीक नावाची जात आहे, तीही नावाप्रमाणेच. मोकळ्यावर स्वतःचा बचाव करायला उत्तम, अंगणात खेळणाऱ्या मुलीसाठी नव्हे. कडकनाथची मागणी झाबुआच्या पक्ष्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून फार वाढली. स्वभावानं वाईट नाही, पण भित्रा आहे. मूल धावत आलं की फडफडत झाडावर, आणि अंडीही कमी. बाजारात नुसतं ‘गावरान’ म्हणून मिळतं त्याच्या रक्तात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पायानं उंच, मानेनं लांब आणि नजरेनं रागीट दिसली तर सोडून द्या.

पुण्यात हल्ली शौकाच्या परदेशी जातीही मिळतात. सिल्की तर मांजरीच्या पिल्लासारखी मऊ, मुलं वेडी होतात. स्वभावही खरोखर गरीब. पण तिच्या पिसांवरून पाणी निथळत नाही, ती भिजते. मुळशीच्या पावसात तिला ठेवायचं म्हणजे चार महिने पूर्ण बंदिस्त कोरडी जागा हवी. शिवाय ती सारखी खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. कोचीन आणि ब्रह्मा शांत असतात, पण पायांपर्यंत पिसं, त्यांना चिखल आणि एप्रिल-मेचा उन्हाळा दोन्ही बाधतात.

आणि एक सांगतो, विषय निघालाच आहे तर. जत्रेत, आठवडे बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मुलांच्या हट्टापायी घेऊ नका. अंड्याच्या जातीची नर पिल्लं हॅचरीला नको असतात, तीच रंगवून विकली जातात. ना लस, ना ऊब, त्यामुळे बहुतेक आठवड्यात मरतात. एखादं जगलं तर सहा महिन्यांनी तुमच्या अंगणात पुन्हा एक कोंबडा.

तलंगा आल्यावर पहिले चार दिवस मुलांना फक्त लांबून बघू द्या. नंतर मुलीला जमिनीवर बसवा, तळहातावर मक्याचा भरडा द्या आणि कोंबडीला स्वतःहून येऊ द्या. पाठलाग करून पकडायचा खेळ पहिल्या दिवसापासून बंद. ज्या कोंबडीला मुलांनी पळवलं ती पुढे कोणत्याही जातीची असो, माणसाला बुजते. उचलायची तर दोन्ही पंख अंगाशी धरून, पायांना खालून आधार देऊन, आणि मोठ्यांनीच. तोंडाजवळ न्यायची नाही. कोंबडी चकाकणाऱ्या गोष्टीवर चोच मारते : टिकली, कानातलं, डोळा. त्यात राग काही नसतो, तिला तो दाणा वाटतो.

कोंबडी खुडूक बसली की तिचा स्वभाव तेवढ्यापुरता बदलतो. अंग फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते, हात घातला की चोच मारते. गरिबातली गरीब कोंबडीसुद्धा. त्या दिवसांत अंडी काढायला मुलाला पाठवू नका. पिल्लं उबवायची हौस असेल तर आई आणि पिल्लं तीन-चार आठवडे डालग्याखाली किंवा जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. घार आणि कावळ्यापासूनही ती वाचतील.

जागेचं थोडक्यात. रात्रीच्या खुराड्यात पक्ष्यामागे दोन चौरस फूट, दिवसा फिरायला निदान दहा. तुमच्याकडे खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवंच आणि खाली भाताचं तूस कोरडं राहिलं पाहिजे. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. तलंग विकत घेताना मानमोडी (राणीखेत) आणि देवी या रोगांची कोणती लस कधी झाली ते लिहून घ्या, पुढची तारीख दवाखान्यातून ठरवा.

प्रश्न : धायरीत बंगल्याच्या मागे चार कोंबड्या पाळाव्यात असं मुलांचं म्हणणं. पण जीबीएसच्या (गिलान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथीनंतर घरचे घाबरतात. पाळाव्यात का?

उत्तर : जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. हा जिवाणू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही असतो, कोंबडीला काही होत नाही. माणसात तो दूषित पाण्यातून, कच्च्या मांसातून किंवा विष्ठा लागलेल्या हातातून जातो. साल्मोनेला या जिवाणूचंही तसंच. म्हणजे घरच्यांची भीती निराधार नाही, पण तिला उपाय आहे.

कोंबडीला, अंड्याला, खुराड्याला हात लागला की लगेच साबणानं हात धुणं, निदान वीस सेकंद. सॅनिटायझरवर भागवू नका. पाच वर्षांखालच्या मुलानं मोठ्यांशिवाय कोंबडीला हात लावू नये आणि कुणीही तिचा पापा घेऊ नये. खुराड्याजवळ बिस्कीट, खाऊ काही नाही. तिथली चप्पल वेगळी, ती घरात येणार नाही. कोंबडी ओट्यावर, स्वयंपाकघरात कधीच नाही. घाण लागलेलं अंडं कोरड्या फडक्यानं पुसा. गार पाण्यात धुतलं तर कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. मुलांना अर्धकच्चं अंडं देऊ नका. खुराडं पाण्याच्या टाकीपासून लांब असू द्या. घरात तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर मी सध्या थांबा असंच म्हणेन.

कोंबड्या अचानक एकापाठोपाठ मेल्या तर मुलांना जवळ जाऊ न देता १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. परस्पर पुरू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. सोसायटी असेल तर तिची आणि महापालिकेची परवानगी आधी पाहा.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात ओतूरकडे उसाच्या कडेला राहतो. मुलं पाच आणि आठ वर्षांची. दहा कोंबड्या घ्यायच्या आहेत, खुराडं कुठे बांधू?

उत्तर : दादा, तुमच्याकडे कोंबडीच्या स्वभावाचा प्रश्न दुय्यम आहे. बिबट्याला कुत्रं जसं ओढतं तशी कोंबडीही ओढते, आणि ऊस तर त्याचं घरच झालं आहे. खुराडं उसाच्या बाजूला नको, घराच्या पडवीतही नको. घर आणि ऊस दोन्हींपासून मोकळा, साफ पट्टा सोडून, दिव्याच्या उजेडात येईल असं बांधा. कोंबडीची साधी षटकोनी जाळी त्याच्यापुढे टिकत नाही, जाड वेल्डमेश आणि वरून पत्रा हवा. कापलेल्या कोंबडीची आतडी, पिसं आसपास टाकू नका, त्यावर आधी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे तो.

कोंबड्या दिवस मावळायच्या बऱ्याच आधी आत घ्या. रोज त्याच वेळी मूठभर दाणे आत टाकले की आठवड्यात त्या आपणहून येतात, शोधत फिरावं लागत नाही. एखादी बाहेर राहिलीच तर ती गेली असं समजा. तिला आणायला मुलाला पाठवू नका, आणि स्वतः गेलात तर बॅटरी घेऊन, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून, आणि खाली न वाकता.