मानसशास्त्रात एम.ए. झालंय. समावेशित शिक्षणात (विशेष गरजांची मुलं नेहमीच्या वर्गातच शिकवण्यात) अध्यापन-संशोधन करायचं तर थेट पीएच.डी. करू की आधी बी.एड.?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की बी.एड. केलं तर दोन वर्षं वाया जातील का. ते ‘वाया’ वाचलं आणि मी उठून चहा टाकला. वीस वर्षांपूर्वी माझ्या पीएच.डी.च्या गाईड सरांनी हाच शब्द वापरला होता, आणि मी त्यांचं ऐकलं होतं.

आधी बी.एड. करा. विशेष शिक्षणाचं, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं. परिषदेकडे ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’ अशी नोंदणीच नाही. परिषदेच्या १९९२च्या कायद्यातल्या व्यावसायिकांच्या यादीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. आपण शैक्षणिक मानसशास्त्रवाले नाही. इंग्लंडमध्ये ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही. इथे कोणीही पाटी लावतो, म्हणून पाटीला किंमत नाही. बी.एड.नंतर परिषदेचा नोंदणी क्रमांक तरी हातात असतो.

पण खरं कारण ते नाही.

मी २००४ साली पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा एक दिवसही वर्गात शिकवलेलं नव्हतं. विषय होता चौथीतल्या अध्ययन अक्षम (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन अडतं अशा) मुलांच्या वाचनासाठी उपचारात्मक कार्यक्रम. पुणे जिल्ह्यातल्या सहा जिल्हा परिषद शाळा निवडल्या. तेव्हाच्या १९९५च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेलीच नव्हती, ती आली २०१६च्या कायद्यात. दहावी बोर्डाच्या सवलती होत्या, जादा वेळ, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित वगैरे. पण त्या घ्यायच्या तर मोठ्या रुग्णालयाचा दाखला हवा, म्हणजे तो प्रकार मुंबई-पुण्याचा. गावात असं मूल शेरेपुस्तकात ‘अप्रगत’ आणि तोंडावर ‘ढ’.

मी एस.टी.तून मलिनच्या बुद्धिमापन चाचणीची पेटी घेऊन जायची. (चाचणी नागपूरचीच, मलिन हे करणाऱ्याचं आडनाव. मराठीत तिचं नाव असं पडावं हा आमच्यातला जुना विनोद.) तिसऱ्या शाळेत एक मुलगा होता. ठोकळ्यांची नक्षी माझ्यापेक्षा भरभर लावायचा. वाचायला बसला की ‘सूर्य’चं ‘सूयर’, ‘धर्म’चं ‘धमर’, ‘घर’चं ‘धर’. मोठ्याने वाच म्हटलं की त्याला शू लागायची.

माझा कार्यक्रम चाळीस तासिकांचा, वाचनकार्डांचा, पुण्यात बसून इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेला. इंग्रजीत एकच अक्षर चार ठिकाणी चार आवाज करतं, म्हणून त्यांची सगळी मदार अक्षर-आवाजाच्या सरावावर. आपल्याकडे अक्षराचा आवाज बहुधा पक्का असतो. गोंधळ होतो तो डोळ्याचा क्रम आणि जिभेचा क्रम वेगळा पडतो तिथे. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, बोलायची नंतर. रफार बोलायचा आधी, बसतो पुढच्याच्या डोक्यावर. शिवाय घ-ध, भ-म ही जुळी भावंडं. हे मी आज ऐटीत लिहितेय, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. माझी कार्डं दिवाळीपर्यंत पार आपटली.

त्या शाळेच्या बाईंना ठाऊक होतं. तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट सत्तेचाळीस. त्या मुलांना सांगायच्या, “रफार म्हणजे आगाऊ पाहुणा. बोलायला सगळ्यांच्या आधी, आणि बसायला दुसऱ्याच्या डोक्यावर. त्याला आधी बोलू द्या, म्हणजे गप्प बसेल.” रंगीत खडूने तो पाहुणा काढायच्या. आणि दुसरी गोष्ट, जी मी पुढे देशभर सेमिनारांत मिरवली: मधल्या सुट्टीनंतर या मुलाला बाई पहिलीच्या वर्गात पाठवायच्या. “पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायला कोणी नाही, तू जा.” पोरगा रोज अर्धा तास ‘कमळ बघ’ पासून मोठ्याने वाचायचा, पहिलीची पोरं त्याला सर म्हणायची. आपण पहिलीचं वाचन नव्याने शिकतोय हे त्याला कळलंही नाही, चौथीतल्या कोणाला तर नाहीच. होळीपर्यंत तो धडा वाचायला लागला. अडखळत, पण शू न लागता.

मी काय केलं? माझी कार्डं गुंडाळली, बाईंची पद्धत उचलली, आणखी दोन शाळांत नेली. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी मूल्य सार्थ, म्हणजे फरक योगायोगाचा नाही. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात छापलं: ‘संशोधिकेने विकसित केलेला कार्यक्रम’.

सरांना मी विचारलं होतं, एवढं माझ्या बाजूने नोंदवते. बाईंचं नाव कुठे घालू? सर म्हणाले, “शिक्षिका हे तुमचं क्षेत्र आहे, सहसंशोधक नव्हे. पिकावरच्या शोधनिबंधात शेतकऱ्याचं नाव घालतात का?” मी हसले. हसले, हेच मला अजून टोचतं. ऋणनिर्देशात ‘सर्व शाळांचे मुख्याध्यापक व शिक्षकवृंद’ आले, तक्त्यात ‘शिक्षिका ३, स्त्री, अनुभव २६ वर्षे’.

२००९ला पदवी मिळाल्यावर काळ्या बांधणीचा प्रबंध आणि पेढे घेऊन शाळेत गेले. बाईंनी हात पदराला पुसून तो उघडला. पाचवं प्रकरण बरोबर सापडलं त्यांना. रफाराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे माझंय.” मग म्हणाल्या, “मी कुठंय यात?” मी तक्ता दाखवला.

“तीन नंबर,” त्या म्हणाल्या. “मॅडम, आम्ही पोरांना पटावरचा नंबर देतो, पण नावासकट देतो हो.”

चहा दिला, एक पेढा खाल्ला, बाकीचे पहिलीत वाटायला पाठवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर सर, तुम्ही हे वाचत असाल तर: शेतकऱ्याचं नाव घालायचं असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात निवडून निवडून जो तांदूळ तयार केला, त्याला नाव मिळालं एचएमटी, त्या वेळी गाजत असलेल्या घड्याळाचं. ताटात भात त्यांचा, नाव घड्याळाचं. आपण अध्यापनशास्त्रात रोज तेच करतो. समावेशित शिक्षणाच्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय सलामांका जाहीरनाम्यापासून सुरुवात करणारे शंभर निबंध मी तपासले असतील. जाहीरनाम्यावर सगळ्यांची दोन-दोन पानं असतात, ज्या वर्गात आधारसामग्री गोळा केली तिथल्या बाईंवर अर्धी ओळ.

म्हणून सांगतेय, दोन वर्षं शाळेत काढा, म्हणजे दुसऱ्याचं उचललेलं तुम्हाला निदान ओळखता येईल. आणि गाईड निवडताना विचारा, तुम्ही शाळेच्या बाकावर शेवटचे कधी बसलात? उत्तर गेल्या शतकातलं असेल तर नमस्कार करून निघा.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणी खाली येऊन सुनावेल. नाव न घालण्यामागे सरांनी गोपनीयताही सांगितली होती, तो मुद्दा सगळा खोटा नव्हता. मुलांची नावं कधीच द्यायची नसतात, आणि शिक्षिकेचं नाव छापल्याने वरच्या कार्यालयातून तिला जाब विचारला जाऊ शकतो. तिला विचारून ठरवा. बी.एड. केलेल्या सगळ्यांना मुलं कळतात असंही नाही. नोंदणी क्रमांक असलेले कठोर लोकही मी पाहिलेत.

नोकरीचं म्हणाल तर नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) मानसशास्त्रात द्याल तर मानसशास्त्र विभागात शिकवाल. विशेष शिक्षणाच्या बी.एड. कॉलेजात शिकवायचं तर त्याच विषयातलं एम.एड. लागतं. अनुदानित जागा क्वचित निघतात, तासिका तत्त्वावर वर्षं जातात, घरी दुसरा पगार आहे का ते आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक, असं प्रमाण सांगितलंय. त्या हिशेबाने पदं भरली तर शाळेतच कामाला तोटा नाही.

बाईंचं सांगायचं राहिलं. त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर बसून मी ते पाचवं प्रकरण लेख म्हणून मराठीत पुन्हा लिहिलं. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. संपादकांनी पहिल्या लेखिकेची संस्था विचारली. मी कळवलं, ‘निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषद’. अंक आला तर त्यात छापलेलं, ‘स्वतंत्र संशोधक’.

बाईंचा फोन आला. “स्वतंत्र म्हणे! सदतीस वर्षं केंद्रप्रमुखाला विचारल्याशिवाय सहल नेली नाही मी.”