कॉरिडोंच्या, म्हणजे मेक्सिकन कथागीतांच्या, १९३०च्या दशकातल्या ७८ आरपीएम तबकड्या डिजिटल करायच्या आहेत. कशाने पुसू, कोणती सुई लावू?

डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य डिटर्जंट घेऊन पुसा आणि सुई ७८चीच लावा, साधारण ७५ मायक्रॉनची. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको: तबकडी लाखेची असते, लाख त्यात विरघळते आणि खाचेसोबत आवाजही जातो. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवा. मधलं लेबल कोरडं ठेवा, कलाकाराचं नाव बऱ्याचदा तेवढ्यावरच उरलेलं असतं. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथली घाणच वाचते. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह करा आणि ती तशीच जपा. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर. फिल्टर जास्त झाला की बाहो सेक्स्तोच्या, म्हणजे त्या बारा तारांच्या गिटारीच्या, तारेवरचा कडक आघात आधी बोथट होतो, आणि सगळी जान त्यातच असते. कॉरिडो लांब, म्हणून पुष्कळदा दोन्ही बाजूंवर अर्धा-अर्धा. दोन्ही फाइलींना एकच क्रमांक द्या. मात्र तबकडी ॲल्युमिनियमवर लॅकरचा थर दिलेली असेल आणि थराला तडे गेले असतील, तर पाणीही लावू नका, वाजवूही नका. थर सुटून येतो. ती थेट तज्ज्ञाकडे द्या.