माळ काढून ठेवता येते का?

प्रश्न : वडील माळकरी आहेत, दर आषाढीला पायी वारी करतात. इंजिनिअरिंगला असलेला नातू म्हणतो, 'आजोबा, हाही एक कल्टच की!' वडील हसून सोडून देतात, मला मात्र उत्तर सुचत नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : यात भाषेचाही घोळ आहे. 'पंथ' आणि 'संप्रदाय' हे आपल्याकडे आदराचे शब्द. 'कल्ट' म्हणताना जो संशय मनात असतो तो त्यांत नाही, म्हणून इथे 'कल्ट'च ठेवू.

श्रद्धा विचित्र आहे का, यावरून काही ठरत नाही. बाहेरच्याला दुसऱ्याची श्रद्धा विचित्रच वाटते. बघायचा तो व्यवहार : पैसा कुठे जातो, प्रश्न विचारला की काय होतं, बाहेरच्या माणसांशी बोलू देतात का, आणि सोडून जायचं तर काय गमवावं लागतं. दिंडीची भिशी आधी ठरते आणि त्यातून जेवण, तंबू, ट्रकचं भाडं निघतं. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ऐंशीचे आजोबा विशीतल्या पोरालाही 'माउली' म्हणून वाकतात. कल्टमध्ये नमस्कार एकाच दिशेला जातो. माळेबरोबर मद्यमांस सोडणं, एकादशी, वारी ही बंधनं येतात हे खरं. पण उद्या वडिलांनी माळ काढून ठेवली, तर गावात चार लोक नावं ठेवतील, एवढंच. घर, जमीन, लेकरं जागच्या जागी राहतील.

आता दुसरं टोक बघा. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात जिम जोन्स या अमेरिकन धर्मगुरूनं आपल्या 'पीपल्स टेंपल' संस्थेच्या अनुयायांसाठी 'जोन्सटाउन' वसवलं. पासपोर्ट संस्थेच्या ताब्यात, म्हाताऱ्यांची पेन्शन संस्थेच्या तिजोरीत, पत्रं वाचूनच बाहेर जायची, आणि सामूहिक मरणाची रंगीत तालीमसुद्धा झालेली. नोव्हेंबर १९७८ मध्ये नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकन खासदार लिओ रायन चौकशीला गेले, तेव्हा काही जणांनी 'आम्हाला घेऊन चला' म्हटलं. १८ नोव्हेंबरला धावपट्टीवर गोळीबार झाला, त्यात रायन मारले गेले. त्याच संध्याकाळी सायनाइड घातलेलं सरबत वाटलं गेलं, आधी मुलांना. मृत नऊशेहून अधिक. दाराशी उभं राहून 'जातो' म्हणणाऱ्या मूठभर माणसांवरून हे सगळं पेटलं, हे नातवाला जरूर सांगा.

प्रश्न : पण प्रत्येक धर्म सुरुवातीला कल्टच असतो ना? माणसं वाढली की धर्म, एवढाच फरक! (एक वाचक, पणजी)

उत्तर : हे वाक्य टाळ्या घेतं, पण नीट टिकत नाही. महानुभाव पंथ घ्या. तेराव्या शतकात चक्रधरांभोवती लहानसा समूह जमला. पुढे अनुयायांनी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते. गुप्तता होती, गुरू होता, घर सोडणारे संन्यासी होते, आणि लोकांचा संशयही होता. तरी ती गुप्तता ग्रंथांभोवती होती, माणसांना कोंडायला नव्हती. चक्रधरांमागे पंथ त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी सांभाळला, पुढे त्याला शाखा फुटल्या. संस्थापकाचा शब्द ग्रंथात गेला की त्याचा अर्थ लावणारे दहा जण होतात आणि एकाची मनमानी अवघड होते. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी व्यक्तीच्या तेजाचं संस्थेत रूपांतर होण्याबद्दल जे मांडलं, ते हेच.

संख्या किंवा सरकारी शिक्का यांवर तर मुळीच जाऊ नका. जपानमधल्या 'ओम् शिनरिक्यो'ला १९८९ मध्ये धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता मिळाली होती. २० मार्च १९९५ रोजी त्याच संस्थेच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला.

प्रश्न : अशा कल्टवर सरकार थेट बंदी का घालत नाही? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : कारण यादी करायला गेलं की फसतं. फ्रान्सच्या संसदीय समितीनं १९९५ मध्ये दीडशेहून अधिक गटांची यादी केली. दहा वर्षांत तिथल्या पंतप्रधानांनाच 'यादीवर विसंबू नका' असं सांगावं लागलं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही गटाला हात लावत नाही, कृत्याला लावतो : ६ महिने ते ७ वर्षं कैद, ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत.

प्रश्न : भावजय दोन वर्षांपासून एका 'साधना केंद्रा'त जाते. दागिने मोडून झाले, आता तिच्या नावचा फ्लॅट केंद्राला देण्याचं चाललंय. भाऊ म्हणतो, कोंडून ठेवू. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोंडू नका. सज्ञान व्यक्तीला डांबणं हा गुन्हा आहे, शिवाय 'घरचे लोक तुझे शत्रू आहेत' हे केंद्राचं म्हणणं तुम्हीच खरं करून द्याल. दागिने तिचे स्त्रीधन असतील तर ते देण्याचा हक्कही तिचाच.

फ्लॅटचं मात्र आज बघा. स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र दोन साक्षीदार आणि नोंदणी यांशिवाय होत नाही, म्हणजे थोडा वेळ हाती आहे. फ्लॅट खरोखर तिच्या एकटीच्या नावावर आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे कागद काढा. झालंच, तर भारतीय करार कायद्याचं कलम १६ आहे : वर्चस्व असलेल्यानं मनावर दबाव आणून करून घेतलेला व्यवहार रद्द होऊ शकतो. १८९० साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं वृद्ध शिष्यानं परलोकातल्या कल्याणासाठी गुरूला दिलेली सगळी मालमत्ता याच तत्त्वावर परत केली होती. पण दावा तिलाच लावावा लागतो, आणि मुदत साधारण ३ वर्षांची असते. म्हणून पावत्या, मेसेज, बँकेचे उतारे आत्तापासून जपा. केंद्र विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेलं असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे त्याचे हिशेब असायला हवेत. वकिलाकडून चौकशी करा.

बोलताना गुरूला शिव्या देऊ नका, 'तुला काय आवडतं तिथलं?' असं विचारा. मग एखादा साधा प्रश्न : 'फ्लॅट दिल्यावर तू राहणार कुठे? लेखी देतात का?' 'हा तुझा अहंकार बोलतोय' असं ठोकळेबाज उत्तर आलं, तर वाद थांबवा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या 'विचारशुद्धी'तून, म्हणजे सक्तीच्या मतपरिवर्तनातून, गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये मांडलेल्या आठ लक्षणांतलं हे एक : विचार तिथेच बंद करणारी तयार वाक्यं. त्यांच्याशी वाद घालून जिंकता येत नाही. पण प्रश्न डोक्यात राहतो.

आणि तिचे जुने मोबाइल नंबर, माहेरची माणसं, नोकरीतल्या मैत्रिणी तुटू देऊ नका. दिवाळी, वाढदिवस, मुलांची गॅदरिंग यांचं आमंत्रण दर वेळी जाऊ द्या, ती आली नाही तरी. परत येण्याची वेळ बहुधा आडदिवशी येते. घराची एक किल्ली तिच्याकडे असू द्या.