गॅलिफ स्ट्रीटला जाताय? मग हे वाचा

कोलकात्यातला हा पक्षी, मासे, रोपांचा बाजार फक्त रविवारी भरतो, त्यामुळे तिकीट काढतानाच वार बघा. मेट्रोने श्यामबाजारला उतरायचं, पुढे बागबाजारच्या दिशेने चालत. बंगाली माणूस याला 'शोखेर हाट' म्हणतो, म्हणजे हौसेचा बाजार. सकाळी लवकर पोचा. उन्हं चढली की गर्दी आणि वास दोन्ही वाढतात.

पक्ष्यांच्या गल्लीत जपून. बजरीगर, फिंच, कॉकटील हे परदेशी कुळातले, पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी. (आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण खरे लव्हबर्ड वेगळे.) पण आपला हिरवा पोपट, मैना, मुनिया कुणी दाखवली तर पुढे चला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे. भडक गुलाबी-हिरवी चिमणी दिसली तर ती बहुधा रंगवलेली मुनियाच. दया येऊन विकत घेऊन सोडून देऊ नका हं! मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, एवढंच. तो उद्या आणखी पकडणार.

पिंजऱ्यात बोट घालू नका, नंतर हात साबणाने धुवा. फोटो विचारून काढा, कॅमेरा दिसला की काहीजण बिथरतात.

काही न्यायचंच असेल तर रोपं न्या. पिल्लू घेऊन हावडा-मुंबई गाडीत दीड दिवस काढायचा विचारसुद्धा नको. माशांकडे मात्र निवांत रेंगाळा, मला तरी तोच भाग सगळ्यात आवडतो.