घरचा धंदा सांभाळून गावासाठी झटणाऱ्या वडिलांना थांबवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील आणि चुलते मिळून घरचं दुकान चालवतात. वडिलांचा निम्मा दिवस गावाच्या कामात जातो, अडल्यानडल्याला दुकानातला मालही देऊन टाकतात, त्यावरून चुलत्यांची रोज कुरकुर असते. धंदा आणि समाजकार्य एकत्र चालतं का, आणि वडिलांना थांबवायचं कसं?

थांबवू नका. चुलत्यांचं जे वाक्य तुम्ही दिलंय, ‘गाव सांभाळायला सरकार आहे, आपण दुकान सांभाळावं’, ते आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणूनच लिहायला बसलो.

आमचं उमरग्याला हार्डवेअरचं दुकान. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका दोघे भागीदार. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. आमच्या भिंतींना भेगा गेल्या, पण घर उभं राहिलं. उजाडता उजाडता सास्तूरकडून आलेल्या एका माणसाने अण्णांना सांगितलं, गावंच्या गावं बसलीत. अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. शटर वर केलं आणि टिकाव, खोरी, पहारी, घमेली, दोरखंड, कंदील असं हाताला लागेल ते टेम्पोत भरायला लावलं.

त्या भागातली जुनी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ढिगारा उपसायला हाताशी काही नव्हतं, त्यात पाऊस लागला. अशा वेळी पहार कुणाला द्यायची आणि कुणाकडून तिचे पैसे घ्यायचे, हा विचार करणारा माणूस माझा बाप नव्हता, याचा मला आजही अभिमान आहे.

काका त्या पहिल्या दिवसांत काही बोलले नाहीत. तेही टेम्पोबरोबर गेले, हे लिहिलंच पाहिजे. भांडण झालं ते नंतर, पत्र्यांवरून.

भूकंपानंतर ज्यांची घरं शाबूत होती तेही माळवदाखाली झोपेनात. लोक अंगणात, रस्त्याकडेला, शेतात राहायला लागले. ज्याला त्याला पत्रा आणि ताडपत्री हवी होती. पत्र्याचा भाव चढत गेला. आमच्या गोदामात जुन्या भावाने घेतलेला माल होता आणि अण्णांनी ठरवलं की तो जुन्याच भावाने जाईल. काका म्हणाले, पुढची गाडी चढ्या भावाने भरायची आहे, हा माल जुन्या भावाने गेला तर गाडीचे पैसे आणायचे कुठून? धंद्याच्या हिशेबाने काकांचं म्हणणं बरोबर होतं. माल विकून पुन्हा तेवढाच माल घेता आला नाही तर भांडवल कमी होतं, हे कुठल्याही दुकानदाराला शिकवावं लागत नाही. अण्णांना ते कळत नव्हतं असं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘या माणसांनी वीस वर्षं आपल्याकडून खिळे घेतले, आज त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही, आज भाव वाढवायचा नाही.’ गोदामाच्या दारातच दोघांचा आवाज चढला. मी तिथेच होतो. माल जुन्याच भावाने गेला.

त्यानंतर कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात काकांचं एक वाक्य ठरलेलं: ‘दादाने पत्रे वाटले आणि दुकान बसलं.’ नातेवाईक माना डोलवायचे. मी सून आणली तेव्हा तिलाही पहिल्या दिवाळीत हेच ऐकवलं गेलं.

पुढे वाटणी झाली तेव्हा जुन्या वह्या निघाल्या. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी, म्हणजे खातेवार नोंदींची वही, मी स्वतः बसून वाचली. अण्णांनी टेम्पोतून दिलेलं सगळं सामान मुनिमाला सांगून स्वतःच्या नावे टाकलं होतं. पत्र्याच्या जुन्या आणि नव्या भावातला फरकसुद्धा अण्णांच्या उचलीत, म्हणजे भागीदाराने दुकानातून स्वतःसाठी घेतलेल्या रकमेत, लिहिलेला. फर्मवर एक पैसा नाही. गावाला जे दिलं ते त्यांनी स्वतःच्या हिश्श्यातून दिलं होतं, आणि म्हणून वाटणीत त्यांच्या वाट्याला कमी आलं. गोदाम काकांकडे गेलं. त्याच खतावणीत पुढच्या पानांवर काकांची उचल आहे: प्लॉट, घराचं बांधकाम, त्यासाठी दुकानातून खरेदीच्या भावाने नेलेलं लोखंड आणि सिमेंट. तो त्यांचा हक्क होता, मी नाव ठेवत नाही. पण दुकानातून पैसा कुठे गेला हे कुणाला बघायचं असेल तर वह्या माझ्या कपाटात आहेत. अण्णांनी हयातीत हे कधी काढलं नाही. ते आता नाहीत, म्हणून मी बोलतो.

आता तुमच्या वडिलांचं. ‘समाजकार्याने धंदा बुडतो’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. किराणा, हार्डवेअर, बी-बियाणं अशी दुकानं बुडताना मी जवळून पाहिली आहेत. ती बुडाली न लिहिलेल्या उधारीने, व्याजाने आणि भावाभावांच्या न ठरलेल्या हिश्श्यांनी. दान दिल्याने बुडालेलं एकही माझ्या पाहण्यात नाही. उलट बाजूने ‘गावाची सेवा केली की गिऱ्हाईक वाढतं’ असंही लोक सांगतात. तेही मला पटत नाही. गिऱ्हाइकासाठी केलं असेल तर ती जाहिरात झाली. अण्णांकडून पत्रे नेलेल्यांपैकी बरेच जण पुढे भाव कमी मिळाला तिथे गेले, आणि अण्णांना त्याचं काही वाटलं नाही.

कुणी किर्लोस्करवाडीचं उदाहरण देईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांचं गाव वसवलं, तुरुंगातून सुटून आलेल्यांना पहारेकरी नेमलं. मोठाच माणूस. पण त्यांच्या पाठीशी औंधच्या राजांनी दिलेली जमीन आणि कर्ज होतं. आणि आजच्या मोठ्या कंपन्यांना तर कायद्यानेच भाग पाडलंय: वर्षाला ५ कोटींचा निव्वळ नफा असला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, २०१४ पासून. तालुक्याच्या दुकानदारावर अशी सक्ती नाही. तो देतो ते स्वतःच्या मनाने देतो, त्याच्याकडून घरच्यांनी रोज हिशेब मागू नये.

पण भागीदाराला विचारायला हवं. इथे तुमच्या चुलत्यांची बाजू घ्यावी लागेल. भागीदारी कायदा १९३२ चा आहे, त्यात भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिक राहून खरा हिशेब द्यायचा, असं स्पष्ट आहे. फर्मचा माल फुकट देणं हा काही दुकानाचा नेहमीचा व्यवहार नव्हे, त्यामुळे एकट्याने ठरवून तो फर्मच्या माथी मारता येत नाही. अण्णांनी केलं तेच वडिलांना करायला सांगा: दिलेली प्रत्येक वस्तू स्वतःच्या नावे टाकायची, त्याच दिवशी. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी बसून धर्मादायाचा आकडा ठरवला तर आणखी बरं, त्यात चुलत्यांचाही वाटा असू दे. भागीदारीपत्रात हिस्से लिहिलेले नसतील तर ते आधी लिहून घ्या. कायदा अशा वेळी नफा सारखा वाटतो, कोण किती राबतं ते बघत नाही.

सीए सांगेलच, तरी लिहितो. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. प्राप्तिकरात देणगीची वजावट वस्तू देऊन मिळत नाही, आणि रोखीने दिलेली देणगी २००० रुपयांच्या वर गेली की तीही धरत नाहीत. उधारी वेगळी आणि दान वेगळं ठेवा. उधारी वसूल करायला दावा लावायचा तर तीन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत बाकीवर गिऱ्हाइकाची सही घेतली, किंवा थोडी रक्कम दिल्याचं त्याच्या सहीने लिहून घेतलं, तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते. जे परत मागायचंच नाही ते उधारीत लिहून ठेवू नका. आमच्याकडे वाटणीच्या वेळी निम्मं भांडण अशा नोंदींवरूनच झालं.

वेळेचा प्रश्न राहिला, म्हणजे निम्मा दिवस बाहेर जातो त्याचा. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आमच्याकडे आईने दुकान सांभाळलं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरी ते कुणावर पडतंय ते बघा, आणि त्या माणसाला भागीदारीत घ्या किंवा पगार द्या.

एका बाबतीत मात्र वडिलांना खरोखर थांबवा: गावकऱ्यांच्या कर्जाला जामीन राहणं. दिलेला पत्रा एकदाच जातो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी कर्जदाराकडे न जाता थेट तुमच्या दारात येऊ शकते, आणि ती रक्कम किती होईल हे सही करताना कुणालाच माहीत नसतं. आतापर्यंत त्यांनी कुठे कुठे सह्या केल्यात त्याची यादी त्यांच्याकडून या आठवड्यातच करून घ्या.