.२२ पिस्तुलातून पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी रिकामी काडतुसं) कधी लांब, कधी पायाशी पडतात, कधी अडकतात. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग कापावी का?

नाही. स्प्रिंगला हात लावू नका. ‘दोन वेटोळी काप, मोकळं होतंय’ हा सल्ला सोलापुरात रेंजवर चहासोबत फुकट मिळतो. स्प्रिंग नरम पडली की पुंगळ्या लांब उडतात, फार ताठ असली की जवळ पडतात. पण दोन्ही वेळा साधारण एकाच जागी. तुमच्या कधी चार पावलांवर, कधी बुटावर, कधी स्लाइडमध्ये उभ्या. पुंगळ्या अशा विखुरल्या की आधी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, बघायचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: .२२ ब्लोबॅकमध्ये, म्हणजे स्लाइड गॅसच्या दाबाने उघडणाऱ्या पिस्तुलात, पुंगळी त्या दाबानेच मागे येते, एक्स्ट्रॅक्टर नसला तरी चालतं. मागे येते हे खरं. पण मागे येणं वेगळं आणि बाहेर पडणं वेगळं. मागे येताना पुंगळीची कड ब्रीच फेसला (स्लाइडचा पुंगळीमागचा सपाट भाग) धरून ठेवतं ते एक्स्ट्रॅक्टरचं नख. मग ती इजेक्टरवर (पुंगळीला बाहेर फेकणारा खुंटा) आपटते आणि नखाभोवती फिरून खिडकीतून जाते. बिजागरी खिळखिळी झाली तर दार कसंही फिरणार.

आमच्या क्लबातल्या एका पोरीच्या स्टँडर्ड पिस्तुलाचं हेच होतं. पाच गोळ्यांच्या १५० सेकंदांच्या मालिकेत सुरळीत, १० सेकंदांच्या मालिकेत तिसरी-चौथी पुंगळी अडकायची. एक जण म्हणाला मनगट ढिलं, दुसरा म्हणाला स्प्रिंग काप. स्लाइड उतरवली तर नखाखाली मेण, शिसं आणि अर्धवट जळलेली दारू दाबून दगड झालेली. .२२ च्या गोळीवर मेणाचा हात असतोच. मे महिन्यात ४२-४३ अंशांत ते मऊ होतं, त्यात आपली धूळ, आणि वरून लोकांनी ओतलेलं तेल. नख पूर्ण मिटतच नव्हतं. लाकडी टूथपिकने खाच खरवडली, एक्स्ट्रॅक्टरची छोटी स्प्रिंग आणि प्लंजर (नखाला दाबणारा छोटा दांडा) सॉल्व्हंटने धुऊन कोरडे बसवले, झालं. रिकॉइल स्प्रिंग जुनीच आहे. मनगटही तेच आहे.

तुम्ही असं करा. स्लाइड काढा, रिकामी पुंगळी नखाखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. पुंगळी टिकली पाहिजे. लगेच गळली तर नख झिजलंय, त्याची स्प्रिंग मेलीये किंवा खाली घाण आहे. घाण आधी बघा, फुकटातलं काम आहे. मग चेंबरच्या (नळीत गोळी बसते ती जागा) तोंडाची कड बोटाच्या नखाने चाचपा. स्नॅप कॅप (खोटं काडतूस) न घालता ड्राय फायर (गोळीविना घोडा ओढणं) करणाऱ्यांच्या पिस्तुलात फायरिंग पिन तिथे आपटून बारीक कंगोरा उठवते आणि पुंगळी त्यावर घासत येते. चेंबरला कांस्याचा किंवा नायलॉनचा ब्रश चालतो, पोलादी नको. तेल रेल्सवर (स्लाइड सरकते त्या पट्ट्या) एकेक थेंब, बाकी पुसून काढा.

नंतर एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) गोळ्या दोन मॅगझीनमधून मारा आणि पुंगळ्या कुठे पडतात ते जमिनीवर पसरलेल्या चादरीवर बघा. एकाच मॅगझीनला त्रास झाला तर तिचे ओठ (वर गोळी धरणाऱ्या कडा) वाकलेत. फक्त शेवटची पुंगळी वेगळी पडत असेल तर फार मनावर घेऊ नका. तिच्याखाली आधाराला पुढची गोळी नसते.

आणि हो, सगळ्याच पुंगळ्या पायाशी पडत असतील तर वरचं बरंचसं लागू नाही. मग गोळी मंद आहे किंवा चेंबर आणि स्लाइड मळलेत. अशा वेळी दुसऱ्या लॉटची किंवा दुसऱ्या मेकची गोळी मारून बघा. तेव्हाही स्प्रिंग कापायची नाहीच. कापली की स्लाइड लवकर उघडते, फ्रेमवर आपटते आणि पुंगळी फुगते. बदलायचीच असेल तर कंपनीच्या मापाची नवी बसवा.

हे सगळं खोलणं-साफ करणं मॅगझीन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मगच. नख झिजलं असेल तर कानस लावत बसू नका. परवानाधारक कारागिराकडून नवं बसवून घ्या आणि सोबत त्याची स्प्रिंगही बदला.